९२ टक्के: गडचिरोलीचा पेपर बॅक्टेरियाच्या बाजूने वाचताना

विदर्भातल्या दोन खेड्यांमधून निघालेला एक आकडा पस्तीसेक वर्षं जगभर फिरतोय. जानेवारी १९८९च्या 'लॅन्सेट'मध्ये राणी बंग, अभय बंग आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांमधल्या ६५० बायका तपासल्या. त्यांतल्या ५५ टक्क्यांना काही ना काही तक्रार होती, ४५ टक्क्यांना काहीच नव्हती. तपासणीत मात्र ९२ टक्के बायकांना एक किंवा अधिक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले, सरासरी एका बाईला ३.६. या सगळ्या आजारांत निम्मा वाटा जननमार्गाच्या संसर्गाचा. आणि याआधी कधीतरी तपासणी होऊन उपचार मिळालेल्या बायका फक्त ८ टक्के.

हा पेपर सहसा सामाजिक आरोग्याच्या वर्गात शिकवतात, मायक्रोबायोलॉजीच्या नाही. माझं म्हणणं, पेट किंवा नेट देणाऱ्या आपल्यासारख्यांनी तो मुद्दाम वाचावा, कारण निदानशास्त्रातला सगळ्यात चिवट प्रश्न त्याच्या पोटात आहे: जंतू सापडला म्हणजे आजार सापडला का?

थोडी उजळणी करू. शरीरावर किंवा शरीरात जंतू राहतोय, वाढतोय, पण नुकसान काही करत नाही, याला कॉलनायझेशन म्हणायचं. मी इथे साधं 'वस्ती' म्हणते. साधारण तीनांतल्या एका माणसाच्या नाकात स्टॅफिलोकोकस ऑरियस असतो आणि त्याला ते आयुष्यभर कळत नाही. रॉबर्ट कोखच्या नियमांपैकी पहिला आपण पाठ करतो, की जंतू प्रत्येक रोग्यात सापडावा आणि निरोगी माणसात सापडू नये. त्यातला दुसरा अर्धा भाग खुद्द कोखलाच सैल करावा लागला, कारण कॉलरा आणि टायफॉइडचे ठणठणीत वाहक समोर आले. पुढे १९९९-२००० च्या सुमारास आर्तुरो कासादेवाल आणि लीझ-अ‍ॅन पिरोफ्स्की यांनी मांडलं, की रोगकारकता हा एकट्या जंतूचा गुण समजू नका, जंतू आणि यजमान भेटल्यावर होणारं नुकसान मोजा. परीक्षेत हे दोन मार्कांना येतं. प्रयोगशाळेत आपण ते विसरतो.

आता पेपरकडे. आधी एक वजाबाकी करा, कागदावर. ४५ टक्के बायकांना तक्रार नव्हती. आजार न निघालेल्या होत्या ८ टक्के. त्या आठच्या आठ टक्के बिनतक्रारीच्या गटातल्या धरल्या, तरी ३७ टक्के उरतात. म्हणजे कमीत कमी ३७ टक्के, ६५०पैकी दोनशे चाळीस बायका, 'तक्रार नाही पण आजार आहे' या खान्यात बसतात. पेपरचा आकडा कुठे उभा आहे हे या वजाबाकीतून कळतं. या दोनशे चाळीस जणींचं काय म्हणायचं?

बंग दांपत्याचं उत्तर माहीत आहे, आणि ते वजनदार आहे: बायका सोसतात, बोलत नाहीत. मी ते नाकारणार नाही. आमच्या मेडशीत बाया 'अंगावरून जातं' एवढंच म्हणतात, तेही एकमेकींत आणि आवाज खाली करून. दवाखान्यात गेल्यावर तोंडातून निघतं 'कंबर दुखते', 'अशक्तपणा वाटतो'. ज्या गोष्टीला बाई आजार समजतच नाही ती प्रश्नावलीत 'तक्रार नाही' म्हणून नोंदली जाते. त्यामुळे ३७ टक्क्यांतला मोठा हिस्सा मुकाट सोसणाऱ्यांचा असू शकतो.

पण दुसरी शक्यताही तेवढीच खरी आहे. त्यातल्या काही जणींना तक्रार नव्हती, कारण त्रासच नव्हता. जंतू होते, वस्तीला होते. आणि गंमत अशी, की मौन आणि निरुपद्रवी वस्ती सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब सारख्या दिसतात. ग्राम स्टेन केलेल्या स्लाइडवर क्लू सेल दिसली तर ती बाई लाजतेय की तिला खरंच काही होत नाही, हे स्लाइड सांगत नाही. एकदाच केलेल्या पाहणीतून या दोघी वेगळ्या काढता येत नाहीत. पेपर त्या सगळ्या मिळून एका बेरजेत घालतो. माझा आक्षेप या बेरजेवर आहे.

कारण सगळे जंतू एका तराजूत बसत नाहीत. गोनोकोकस, क्लॅमिडिया, सिफिलिसचा ट्रेपोनेमा सापडला तर बाई हसत खेळत असली तरी तो संसर्गच. क्लॅमिडिया झालेल्या बहुसंख्य बायकांना लक्षणं नसतात आणि तरी तो आतल्या आत बीजवाहिन्या खराब करतो. इथे 'तक्रार नाही म्हणून सोडून द्या' म्हणणं हा गुन्हा आहे. कॅन्डिडाचं तसं नाही. तो कित्येक निरोगी बायकांच्या योनीत राहतो आणि तक्रार नसेल तर त्याला औषध द्यायचं कारण नसतं. बॅक्टेरियल व्हजायनोसिस तर याहून विचित्र. त्यात बाहेरून कोणी शत्रू आलेलाच नसतो. लॅक्टोबॅसिलस कमी होतात, गार्डनरेला आणि ऑक्सिजन न लागणारी मंडळी वाढतात, एवढाच फेरबदल. पेपरच्या यादीत सर्व्हायकल इरोजनही आहे. गर्भाशयमुखावरच्या त्या लाल जागेला आज एक्ट्रोपियन म्हणतात आणि बहुतेक वेळा ती नैसर्गिक स्थिती मानतात. ही सगळी एका ओळीत मांडून '३.६ आजार' काढले, की सिफिलिस आणि कॅन्डिडा यांना एकेकच गुण मिळतो.

लेखकांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. व्हजायनोसिस ओळखायचे आम्सेलचे निकष १९८३चे, नुजेंटची गुणपद्धत १९९१ची, म्हणजे या पेपरनंतरची. निरोगी योनीत नेमकं कोण कोण राहतं हे १९८९ साली कोणालाच नीट माहीत नव्हतं. ते पुढे २०११ला जॅक रवेल आणि सहकाऱ्यांनी डीएनए क्रमवारी लावून दाखवलं. उत्तर अमेरिकेतल्या चार वंशगटांतल्या ३९६ बायका, सगळ्या बिनतक्रारीच्या, आणि त्यांतल्या २७ टक्क्यांमध्ये लॅक्टोबॅसिलसचं राज्य नव्हतंच. चार जणींमागे एक! पुढच्याच वर्षी याच गटातल्या संशोधकांनी ३२ बायकांचे नमुने आठवड्यातून दोनदा असे सोळा आठवडे घेतले, तेव्हा काही जणींची जंतुवस्ती काही दिवसांतच पालटताना दिसली. सोमवारी 'रोगी', शुक्रवारी 'निरोगी', आणि मधे बाईला पत्ता नाही. एका दिवशी एक स्वॅब घेऊन केलेल्या कोणत्याही पाहणीवर याचा परिणाम होतो, फक्त गडचिरोलीच्या नाही.

मग व्हजायनोसिस निरुपद्रवीच म्हणायचं का? इतकंही सोपं नाही. त्याचा संबंध अकाली प्रसूतीशी आणि एचआयव्हीची लागण होण्याशी वारंवार दिसला आहे. पण संबंध दिसणं वेगळं आणि औषधाने फरक पडणं वेगळं. तक्रार नसलेलं व्हजायनोसिस असणाऱ्या १९५३ गरोदर बायकांवर अमेरिकेत चाचणी झाली, निम्म्यांना मेट्रोनिडाझोल, निम्म्यांना खोटी गोळी. अकाली प्रसूती कमी झाल्या नाहीत. २०००च्या 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये ती छापून आली आहे. वस्ती की संसर्ग हा वाद मिटवायचा एक सरळ रस्ता हाच: उपचार करून बघा, कोणाचं काही सुधारतंय का.

इतकं बोलल्यावर तुम्हाला वाटेल मी पेपर मोडीत काढतेय. नाही. त्याची कमजोरी आणि त्याची ताकद एकाच जागी आहे. दवाखान्यात आलेल्या बायकांवर अभ्यास केला असता तर प्रत्येकीला तक्रार असतीच आणि 'तक्रार नसताना जंतू' हा प्रश्न उभाच राहिला नसता. वस्ती किती आहे हे कळायला निरोगी माणसं तपासावी लागतात, त्यांच्या गावात जाऊन. बंग गटाने ते केलं, अशा विषयावर, अशा काळात. १९९४ची कैरो परिषद व्हायला तेव्हा पाच वर्षं होती. हो, पात्र बायकांपैकी सुमारे ६० टक्केच तपासणीला आल्या, आणि ज्यांना त्रास होता त्या जास्त आल्या असतील ही शंका रास्त आहे. पण आपल्याकडच्या किती प्रबंधांत निरोगी माणसाचा एक तरी नमुना असतो?

याच्या शेजारी गोव्याचा अभ्यास ठेवून वाचा. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी उत्तर गोव्यात यादृच्छिक निवडलेल्या बायकांपैकी २४९४ जणी तपासल्या. निकाल २००५-०६ला आले. कोणता ना कोणता जननमार्ग-संसर्ग २८.३ टक्क्यांना, त्यात व्हजायनोसिस १७.८ टक्के, आणि लैंगिक संबंधातून पसरणारे संसर्ग फक्त ४.२ टक्के. मला आवडलं ते हे, की त्यांनी बेरीज फोडून दाखवली. आता 'गडचिरोली ९२, गोवा २८, म्हणजे गोव्याच्या बायका तिप्पट निरोगी' असं कृपा करून लिहू नका. ९२मध्ये संसर्गाखेरीजचे आजारही आहेत, दोन्हींच्या मधे पंधरा वर्षं आहेत आणि तपासायच्या पद्धती वेगळ्या आहेत.

गोव्याचा खरा धक्का पुढे आहे. पांढरं जाण्याची तक्रार १४.५ टक्के बायकांनी केली. त्या तक्रारीचं नातं जंतूंपेक्षा मानसिक ताण, नैराश्य, अंगदुखी-थकवा यांच्याशी जास्त घट्ट निघालं. म्हणजे गडचिरोलीत 'जंतू आहे, तक्रार नाही' असा पेच, तर गोव्यात 'तक्रार आहे, जंतू नाही'. पेच दोन, पण तुटलेला धागा एकच. याचा भुर्दंड कोणाला? सरकारी पद्धतीत प्रयोगशाळा नसेल तिथे लक्षणावरून औषध देतात. पांढरं जातंय म्हटलं की नॅकोचं हिरवं किट २, म्हणजे सेकनिडाझोल आणि फ्लुकोनाझोल. जिचं दुखणं घरातल्या ओझ्याचं आहे तिच्या हातात गोळ्या पडतात आणि दुखणं तिथेच राहतं. आणि जी क्लॅमिडिया घेऊन गप्प बसली आहे ती किटपर्यंत पोचतच नाही.

आता त्याच गडचिरोलीतलं दुसरं काम, १९९९चं, पुन्हा 'लॅन्सेट'मध्येच. घरच्या घरी नवजात बाळांची काळजी, ३९ गावांत आरोग्यदूत, तुलनेला ४७ गावं. बाळाला सेप्सिस झालाय हे गावातली प्रशिक्षित बाई लक्षणांवरून ठरवायची आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायची. रक्ताचं कल्चर नाही. सेप्सिस झालेल्या बाळांमधलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८वर आलं.

मायक्रोबायोलॉजीच्या माणसाचा हात लगेच वर जातो: कल्चर नाही तर सेप्सिस कशावरून? प्रश्न चांगला आहे, पण पुढचं पाऊल टाका. नवजात बाळाचं मिलिलिटरभर रक्त घेतलं तर खरा सेप्सिसही कित्येकदा निसटतो. आणि बाटलीत त्वचेवरचा कोअ‍ॅग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफिलोकोकस वाढला तर तो रक्तातला की सुईबरोबर कातडीवरून आलेला, यावर मोठ्या रुग्णालयांतही वाद होतात. तेव्हा आपण ज्याला सोन्याची कसोटी म्हणतो तिच्यातही भेसळ आहे. माझ्या मते खरा आक्षेप वेगळा. व्याख्या सैल असेल तर सेप्सिस नसलेली बाळंही यादीत येतात, ती तशीही जगणारच असतात, आणि मृत्यूचं प्रमाण आपोआप खाली दिसतं. म्हणून २.८ या आकड्यावर मी फार भार देणार नाही. भार द्यायचा तो दुसऱ्या आकड्यावर. तिसऱ्या वर्षापर्यंत एकूण नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला. मेलेलं बाळ मोजायला कोणत्याही जंतूची व्याख्या लागत नाही.

आणि एक फरक. सेप्सिस सुटला तर बाळ काही तासांत जातं, म्हणून तिथे जास्तीचं औषध परवडतं. तक्रार नसलेल्या बाईच्या कॅन्डिडाबाबत तसं काहीच नाही. कोणती चूक महाग पडेल, यावर निदानाची रेघ सरकते. कल्चर प्लेटवर ही रेघ शोधू नका.

आता आपल्या घरात येऊ. विद्यापीठांच्या ग्रंथालयांत 'आयसोलेशन अँड अँटिबायोग्राम ऑफ युरोपॅथोजेन्स' छापाचे एमएससी प्रकल्प ढिगाने सापडतात. नमुने खासगी लॅबमधून आणलेले, प्लेटवर जे वाढलं ते सगळं 'पॅथोजेन', मग पाय चार्ट, मग 'इतके टक्के जंतू अमुक औषधाला दाद देत नाहीत'. पेशंटला जळजळ होती का, ताप होता का, कॅथेटर होता का, आधी अँटिबायोटिक चालू होतं का, लघवीत पू-पेशी किती, यांतला एकही रकाना नाही. मग त्या पाय चार्टला युरोपॅथोजेन म्हणायचा अधिकार कुठून आला?

'एक लाखाच्या वर कॉलन्या होत्या ना' हे ठरलेलं उत्तर. मिलिलिटरमागे एक लाखाची ही रेघ एडवर्ड कॅसने १९५६मध्ये मांडली, बोस्टनमध्ये. लघवीत खरोखर जंतू आहेत की नमुना घेताना बाहेरून मिसळलेत, एवढं वेगळं करायला ती होती. बाई आजारी आहे का, हे ती तेव्हाही सांगत नव्हती. कॅसच्या पेपरच्या शीर्षकातच 'लक्षणविरहित' हा शब्द आहे! उलट बाजूला, १९८२मध्ये वॉल्टर स्टॅम यांच्या गटाने दाखवलं, की जळजळ होणाऱ्या बाईत शंभर कॉलन्याही पुरतात. २०१३मध्ये थॉमस हूटन यांच्या गटाने त्याच बाईची मधल्या धारेची लघवी आणि कॅथेटरने थेट मूत्राशयातून काढलेली लघवी जोडीने तपासली. ई. कोलाय दोन्हींत जुळला, अगदी कमी संख्येतही. एन्टेरोकोकस आणि गट बी स्ट्रेप्टोकोकस मधल्या धारेत सुमारे दहाएक टक्के नमुन्यांत होते, पण मूत्राशयात जवळपास नव्हतेच, संख्या कितीही असो. तुमच्या पाय चार्टमधल्या एन्टेरोकोकसच्या फोडीकडे आता परत बघा.

आणि रेघ गाठायला नमुना किती वेळ रस्त्यावर होता हेही बघा. समजा मेडशीत सकाळी आठला नमुना घेतला, बाटली पिशवीत, पातूरमार्गे अकोल्याला एसटीने, तिथे लॅबच्या काउंटरवर थोडी विश्रांती, आणि दुपारी बाराला प्लेटिंग. मे महिना. सुरुवातीला मिलिलिटरला हजार जंतू होते आणि दर अर्ध्या तासाला दुप्पट झाले असं धरा. चार तासांत आठ वेळा दुप्पट, म्हणजे २५६ पट. दोन लाख छपन्न हजार. रिपोर्टवर लाल अक्षरात 'सिग्निफिकंट', आणि ते जंतू बहुतेक एसटीतच जन्मलेले. बर्फाचा डबा किंवा बोरिक अ‍ॅसिडची बाटली नव्हती, एवढंच.

ही बाई साठीची आहे आणि गुडघ्याच्या ऑपरेशनआधी 'सगळ्या तपासण्या करून घ्या' म्हटलं म्हणून तिने लघवी दिली, जळजळ वगैरे काही नाही, असं समजा. आता तिला आठवडाभर इंजेक्शनं आणि ऑपरेशन पुढे. अमेरिकेतल्या संसर्गतज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की लक्षणं नसताना लघवीतले जंतू शोधून उपचार करायचे ते मुख्यतः गरोदर बाईत आणि मूत्रमार्गावरच्या, रक्तस्राव होईल अशा शस्त्रक्रियेआधी. गुडघा त्यात नाही. मधुमेहही नाही, तिथे २००२मध्ये १०५ मधुमेही बायकांवर चाचणी झाली आणि औषधाने गुंतागुंत कमी झाली नाही. इटलीतल्या २०१२च्या अभ्यासात तर वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या ६७३ तरुण बायका होत्या. लक्षणं नसताना ज्यांना औषध दिलं, त्यांनाच पुढे जास्त त्रास झाला. वस्तीला असलेला जंतू जागा अडवून बसला होता. त्याला हाकलल्यावर दुसरा आला.

म्हणून प्रकल्पाचा आराखडा लिहीत असाल तर नमुने पन्नासने कमी घ्या आणि पेशंटच्या कागदात रकाने वाढवा. घेतल्याची वेळ, प्लेटिंगची वेळ, कसा घेतला, त्रास काय, पू-पेशी, प्लेटवर एकच जात की तीन. यांतले निम्मे रकाने भरायला लॅबच्या काउंटरवर दोन मिनिटं बोलावं लागतं, तेवढंच. नैतिक समितीची परवानगी मिळाली तर तक्रार नसलेल्या वीस जणांचेही नमुने घ्या, त्याच रस्त्याने, त्याच वेळात आणलेले. शीर्षकात 'युरोपॅथोजेन्स'ऐवजी 'लघवीतून मिळालेले जीवाणू' लिहिलं तर गाइड कदाचित भुवया उंचावतील. त्यांना तो बिनतक्रारीचा वीस जणांचा तक्ता दाखवा, आणि त्यातल्या कितींच्या प्लेटवर लाखाच्या वर वाढ आली ते विचारू द्या.